गोधडीची पाठ

त्या वर्षी विहिरी आटल्या आणि माझ्या बाबांच्या हाताला काम आलं. बाकीच्या घरांत पाण्याच्या घागरीवरून भांडणं चालली होती, आमच्या घरात मात्र दोन्ही वेळा चूल पेटत होती. बाबा विहिरी खोदायचे. जुन्या विहिरीचा गाळ काढायचा, तळ आणखी खाली न्यायचा, खडक लागला की पहारीने फोडायचा. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा डोळे सोडून सगळे चिखलाच्या रंगाचे असायचे. आजी, म्हणजे त्यांची आई, दारातच हात आडवा धरायची.

"थांब. आधी धुऊन ये. मग ठरवू, माझा आहेस की दुसऱ्या कोणाचा."

मी चौदा वर्षांची होते, धाकटी सहा वर्षांची. आई गोधड्या शिवायची. लोक जुने कपडे आणून द्यायचे, आई त्यांचे तुकडे करून वरचा थर जोडायची, पोटात फाटकंतुटकं भरायची, खाली पाठ लावायची आणि काठापासून आत आत धावदोरा घालत जायची. बाबा म्हणायचे, "आपल्या घरात दोघेही खालीच बघून जगतात. मी विहिरीत, ही सुईत."

बाबांच्या दोराबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. रोज सकाळी ते दोर अंगणात लांब पसरायचे आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मुठीतून ओढत न्यायचे. वीतभर जागाही सोडत नसत. एखादा तंतू बोटाला टोचला तरी थांबायचे, पीळ उलगडून आत बघायचे. यात कोणी बोललेलं त्यांना चालत नसे. कधी उशीर झाला आणि आजी म्हणाली की पुरे आता, तर म्हणायचे, "तू जन्म दिलास तो एकदाच दिलास ना? मग बघू दे."

गावात दोन मजली घर एकच होतं. त्या घराच्या मालकाला सगळे पाठीमागे दुमजली म्हणायचे. तोंडावर अर्थात मालक. त्याची विहीर गावातली सगळ्यात खोल, आणि तीही त्या उन्हाळ्यात कोरडी पडली. बाबांना बोलावणं आलं. पहिल्या दिवशी संध्याकाळी ते परत आले आणि स्वतःचा दोर पुन्हा हातांनी मोजत बसले.

"काय झालं?" आईने विचारलं.

"माझा दोर पुरत नाही. वीस हात कमी पडतो."

"मग?"

"त्यांचा आहे, गाड्यांवर माल बांधायचा. लांब आहे. पण डांबर फासलेला. डांबराच्या दोराच्या पोटात काय आहे ते कळत नाही."

"मग उतरू नका."

"आज उतरलोय. उद्या नवा मागवतो म्हणालेत."

दुसऱ्या दिवशी नवा आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही, आणि बाबा त्याच दोरावर उतरत राहिले. चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास बाबांना वर ओढत असताना दोर तुटला.

निरोप घेऊन बाबांचा जोडीदार आला. रहाटावर तोच असायचा. दारात उभा राहिला आणि नुसता विहिरीच्या दिशेने हात केला. आईने हातातली सुई कापडात खोचली आणि उठली. चप्पलही घातली नाही तिने.

विहिरीपाशी माणसं जमली होती. दुमजली तिथे छत्री धरून उभा होता. डोळ्यांत पाणी वगैरे होतं त्याच्या, मी खोटं सांगणार नाही. पण आई पोहोचायच्या आधीच तो तिथल्या सगळ्यांना सांगत होता, आणि आई आल्यावर त्याने तिलाही सांगितलं, "मी म्हणालो होतो त्याला, नवा दोर आणतो, दोन दिवस थांब. ऐकलं नाही. स्वतःचाच दोर घेऊन उतरला."

"त्यांचा दोर घरी आहे," आई म्हणाली. "खुंटीला."

दुमजलीचा मुकादम लगेच म्हणाला, "दोन होते त्याच्याकडे."

तुटलेला दोर कुठे होता? नव्हताच. कोणीतरी उचलून नेला होता. जोडीदार जमिनीकडे बघत होता.

त्या संध्याकाळपासून गावात एकच बोलणं. बिचारा, चांगला माणूस होता, पण हयगय केली. दोर बघितला नाही. दुकानात मीठ आणायला गेले तर दुकानदार मला म्हणाला, "जिवाचं काम करणाऱ्याने अशी हयगय करू नये बघ." मीठ न घेता मी परत आले. आईने विचारलं मीठ कुठंय, तर मी ओरडले, "नाही आणणार! अळणी खा!" आईने ते अळणीच वाढलं. आजीनेही ते तसंच खाल्लं.

बाबांच्या अंगावरून उतरवलेले कपडे मागच्या अंगणात टोपलीत पडून होते. चौथ्या दिवशी मला ते बघवेना. सदरा चिखलाने वाळून पत्र्यासारखा कडक झाला होता. आईला बरं वाटेल म्हणून मी तो घेतला आणि धुवायला बसले. त्या दिवसांत पाणी फार महाग होतं, तरी माझ्या वाटणीचं प्यायचं पाणी मी त्यात घातलं. चिखल गेला. पण छातीवरून, दोन्ही काखांखालून पाठीवर गेलेला एक काळा पट्टा राहिला. राख लावून घासला, वाळू लावून घासला. बोटांची सालं निघाली. जाईना.

आई मागून आली. एक थोबाडीत बसली तेव्हा मला कळलं ती आली ते.

"कोणी सांगितलं होतं तुला? कोणी सांगितलं? शेवटची त्यांची... ती माती..."

मी ओला सदरा तिच्या अंगावर फेकला. "घे तुझी माती! निघाली सगळी, हे काळं तेवढं निघत नाही!"

आईचा पुन्हा उगारलेला हात तसाच राहिला. तिने सदरा उन्हात धरला. पट्ट्यावरून अंगठा फिरवला, नाकाशी नेला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "डांबर आहे."

तो सदरा घेऊन ती जोडीदाराच्या घरी गेली, मी मागोमाग. तो जेवत होता. सदरा बघून त्याचा हात ताटातच थांबला.

"भावोजी, दोर कोणाचा होता?"

"वहिनी, ते आत ठेवा आधी."

"दोर कोणाचा होता?"

"मला तिथंच जायचंय उद्या कामाला," तो म्हणाला. त्याची बायको स्वयंपाकाच्या जागेतून बाहेर आली, तिने दार लोटून घेतलं. लोटलं म्हणजे आम्ही अजून उंबऱ्यात असताना लोटलं. माझ्या पायाच्या बोटाला लागलं.

आणखी दहा-बारा दिवसांनी दुमजलीची आई वारली. म्हातारी होती, झोपेत गेली. तिच्याविषयी वाईट बोलायला माझ्याकडे काही नाही. दोन दिवसांनी मुकादम आमच्या दारात, मागे गड्याच्या डोक्यावर ट्रंक.

"मालकांनी आठवणीने तुझ्याकडे पाठवलंय. त्यांच्या आईच्या कपड्यांची गोधडी करायची आहे, मालकांच्या पलंगावर घालायला. तुझं घर चालावं म्हणून दिलंय हो, नाहीतर बाहेरून करून घेता आली असती."

आजी आतून ओरडली, "घेऊन जा ती पेटी! माझ्या लेकाला खाल्लंत, आता तुमच्या आईला पांघरायला आम्ही शिवायचं?"

आई म्हणाली, "ठेवा तिथं. करते मी."

आजीने त्या दिवसापासून आईकडे पाठ केली. शब्दशः. जेवायला बसली तरी भिंतीकडे तोंड करून. मी तर आईशी बोलायचंच सोडलं. धाकटी बिचारी एकीकडून दुसरीकडे निरोप न्यायची. "आजी म्हणते भाजी जळली. आई म्हणते, मग भिंतीला विचार."

ट्रंकेत काय काय होतं! निळं रेशीम, काळं मखमलीचं जाकीट, दोन शाली, पिवळसर झालेल्या तलम चोळ्या. मापं ठरवायला मालकीणबाईने आईला बोलावलं तेव्हा मी बरोबर होते. आम्हाला मागच्या दाराच्या पायरीवर बसवलं. प्रत्येक कपडा मोजून लिहून ठेवला होता त्यांनी, एकही कमी पडता कामा नये.

"तुकडे बारीक कर, नाजूक दिसलं पाहिजे," मालकीणबाई म्हणाली.

"बारीकच करते. आणि पाठीला काय लावू?"

"पाठीला? लाव काहीतरी तुझ्याकडचं जुनंपानं, घट्ट असलं म्हणजे झालं. पाठ कोण बघतंय?"

"बरं," आई म्हणाली.

घरी आल्यावर मी ते सगळं आजीला सांगितलं आणि आईने कात्री चालवली. ते निळं रेशीम तिने बोटभर पट्ट्यांत कापलं, पट्ट्यांचे चौकोन, चौकोनांचे त्रिकोण. मखमलीचं तसंच. इतके बारीक तुकडे तिने कधी कोणासाठी केले नव्हते. आठ दिवस ती नुसते ते जोडत होती. मान अवघडायची, मग उठून दाराच्या चौकटीला डोकं टेकून उभी राहायची. बोटाला टोपण असूनही सुईचं बूड आत घुसायचं. मला म्हणायची, "दोरा ओव." मी ओवत नसे. मग ती स्वतः उजेडाकडे तोंड करून ओवायची, दहादा चुकायची. मी बघत बसायचे. मला बरं वाटायचं ती चुकली की. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटायचं खरं.

नवव्या दिवशी सकाळी तिने जमीन सारवून कोरडी केली आणि पाठ अंथरली. पाठ आधी अंथरतात, चांगली बाजू जमिनीकडे, मग त्यावर भरण, मग वरचा थर. मी पाणी घेऊन येत होते. दारातच थांबले. जमिनीवर बाबा पडले होते, असंच वाटलं मला. सदरा शिवणीत उसवून सपाट केला होता, पण तुकडे केले नव्हते. बाह्या दोन्हीकडे पसरलेल्या. खाली चिखलाची विजार, ती अजून धुतलेली नव्हती. कडेने त्यांचे बाकीचे दोन सदरे, रुमाल, थंडीतला कोट.

"आई, हे बाबांचं आहे."

"हो."

"मग या कपड्यांची आपल्याला गोधडी?"

"हीच."

"त्यांच्या घरात? त्याच्या पलंगावर?" मी घागर आपटली. त्या दिवसांत पाणी सांडणं म्हणजे काय ते आजच्या लोकांना कळायचं नाही. मी सदऱ्याची बाही धरून ओढायला लागले. "देणार नाही मी! सगळं त्यांना देतेस तू! बाबाही देतेस!"

आईने माझं मनगट धरलं. रागावली नाही. "ओढू नको, फाटेल. पट्टा बघ, आरपार उमटलाय. मधोमध आलाय का, सांग."

मी रडत होते, मला काही समजलं नाही. समजलं ते आजीला. इतके दिवस भिंतीकडे तोंड करून बसलेली आजी वळली. त्या पसरलेल्या सदऱ्याकडे तिने बराच वेळ बघितलं, मग आईकडे. तिच्या तोंडात एकही दात नव्हता, ती हसली तेव्हा सगळी हिरडी दिसली.

"पाठ कोण बघतंय, असं म्हणाली होती ना ती?"

"हो."

"मला सुई दे. दोरा ओवून दे, मला दिसत नाही. टाका हाताला कळतो."

सहा दिवस आम्ही तिघी शिवत होतो. घाम गोधडीवर पडू नये म्हणून कपाळाला फडकं बांधायचो. आई एकच सांगायची, "टाका वरून थेट पाठीपर्यंत गेला पाहिजे. मधे थर सुटता कामा नये." मी टाका वर घेतला की ती गोधडी उलटून बघायची. पाठीवर दोरा दिसला नाही तर उसवायला लावायची. आजी शिवता शिवता दुमजलीच्या आईशी बोलायची. "सरक गं बाई जरा. तू वर, माझा लेक खाली, असंच चालत आलंय. आता निदान एका दोऱ्यात आहात."

गोधडी द्यायच्या दिवशी त्यांच्याकडे नातेवाईक जमले होते, म्हातारीचं सामान वाटून घ्यायला. परगावची मालकाची मोठी बहीण आली होती, चुलतभाऊ होते, मुकादम होता, कामाची माणसं अंगणात होती आणि त्यांत बाबांचा जोडीदारही. भर दुपारची वेळ. आई आणि मी गोधडीची घडी घेऊन पुढच्या दाराने गेलो. मुकादम म्हणाला, मागून या. आई म्हणाली, "हात भरलेत," आणि चालत राहिली.

ओसरीतल्या मोठ्या बाजेवर आम्ही ती पसरली. बायका पुढे झाल्या. खरंच सुंदर झाली होती. निळं आणि काळं असं काही बसवलं होतं आईने की पाणी हलल्यासारखं दिसायचं. दुमजली वाकला, त्या निळ्या रेशमावरून हात फिरवला आणि त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला.

"ताई, बघ," तो बहिणीला म्हणाला. "हे आईचं, आपण जत्रेला... छे, लग्नाला गेलो होतो तेव्हाचं. वास आहे गं अजून."

ताई रडायला लागली. मलाही क्षणभर वाटलं, नको, राहू दे. आईने माझ्याकडे बघितलं. "धर ते टोक."

मग दुमजलीला म्हणाली, "मालक, पाठही बघून घ्या."

आम्ही गोधडी उलटली.

पहिल्यांदा कोणाला कळलं नाही. मग कामाच्या माणसांतलं कोणीतरी "अरे" म्हणालं. सदरा हात पसरून पडला होता आणि छातीवरून काळा पट्टा. विजारीचा चिखल तिथल्याच विहिरीचा, पिवळट. दुसऱ्या कोणत्या विहिरीला तसला चिखल नव्हता.

"हे काय आहे?" दुमजलीने विचारलं.

"पाठ. बाईंनी सांगितलं होतं, तुझ्याकडचं जुनं लाव. माझ्याकडे हेच होतं."

"हा तमाशा—" मुकादम पुढे आला.

आई त्याच्याकडे वळलीच नाही. "मालक, हा पट्टा डांबराचा आहे. माझ्या लेकीने राखेने घासला, वाळूने घासला, निघाला नाही. माझ्या घरचा दोर साधा आहे, अजून खुंटीला आहे. डांबराचा दोर या गावात कोणाकडे होता, ते इथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मला धान्य नको, शिलाई नको. माझ्या नवऱ्याने दोर न बघता कधी पाय खाली टाकला नाही. तुमचा दोर बघूनसुद्धा दिसत नव्हता. एवढंच म्हणा इथे, सगळ्यांसमोर. दोर माझा होता, म्हणा."

मालकीणबाईचा आवाज फुटला. "उसव ही घाण! आत्ताच्या आत्ता उसव आणि दुसरी पाठ लाव!"

"उसवा की," आई म्हणाली. तिने कंबरेची कात्री काढून बाजेवर ठेवली. "एकाच दोऱ्यात सगळं शिवलंय. पाठ सुटली की वरचंही सुटेल. तुम्हीच म्हणालात, तुकडे बारीक कर. फार बारीक केलेत मी. पुन्हा जुळायचे नाहीत."

कोणी कात्रीला हात लावला नाही. ताईने डोळे पुसले, पट्ट्यावर वाकून बघितलं, मग भावाच्या दंडाला धरलं.

"अरे, म्हणून टाक ना. होता ना आपला? मग म्हणून टाक."

दुमजलीने आजूबाजूला बघितलं. चुलतभाऊ बघत होते. कामाची माणसं बघत होती, मान खाली न घालता. जोडीदाराने तेवढी घातली होती. दुमजलीचे ओठ हलले. मी शपथेवर सांगते, ते हलले. मग त्याने ते मिटले.

"उचल," तो म्हणाला.

"काय?"

"उचल हे आणि चालती हो."

आईला वाटलं, तिने चुकीचं ऐकलं. "नेऊ? तुमच्या आईचे कपडे आहेत."

"ने!" तो इतक्या जोरात ओरडला की अंगणातली कबुतरं उडाली. ताई म्हणत होती, अरे आईची एवढीच वस्तू राहिली, बाकी सगळं वाटून झालं. तो वर निघून गेला. जिन्यावर त्याचे पाय वाजत राहिले.

रस्त्याने येताना आई गोधडी छातीशी धरून भराभर पुढे चालत होती. मला वाटलं रडते आहे. ती दात खाऊन एकच पुन्हा पुन्हा म्हणत होती, "आई टाकली त्याने. तेवढं म्हणण्यापेक्षा आई टाकली." आजी दारात उभी होती. आम्ही गोधडी परत आणलेली बघून तिने विचारलं नाही काय झालं ते. नुसती थुंकली, त्या घराच्या दिशेने.

त्या गोधडीत मी आणि धाकटी झोपत आलो. बाबांची बाजू अंगाला, रेशीम वर. ऊन चांगलं पडलं की आई ती अंगणातल्या दोरीवर वाळत टाकायची, पाठ रस्त्याकडे करून. दुकानदार ते बघायचा, मुकादम बघायचा. दुमजलीने शेताला जायची वाट बदलली. जोडीदार कामावरून यायचा तेव्हा आमच्या घरासमोर पाय उचलून चालायचा. एकदा आजी त्याला म्हणाली, "हळू रे, ठेच लागेल. विहीर नाही आपल्या दारात."

दीड-दोन वर्षांनी ताई आली. परगावाहून, एकटीच, भावाच्या घरी जायच्या आधी. उन्हात गोधडी वाळत होती. ती समोर उभी राहिली, म्हणाली, "एक तुकडा देशील का? निळ्यातला. कुठलाही."

आईने विचारलं, "दोर कोणाचा होता?"

"आमचा होता," ताई म्हणाली. लगेच म्हणाली. "मला माहीत आहे, आमचाच होता."

आईने तिला बसायला पाट दिला. पाणी दिलं. मग म्हणाली, "ताई, तुमचं बोलणं मी ऐकलं. पण दोर तुम्ही दिला नव्हता. कापणार मी नाही. बघायचं तर बघा, हात लावा, कितीही वेळ बसा."

"जरा उलटी करशील? आईची बाजू माझ्याकडे?"

आईने केली. ताई पाटावर बसून राहिली, गाल त्या निळ्या रेशमाला लावून. ऊन अंगणातून सरकत गेलं तसतसा तिने पाट सरकवला. आजीही तिच्याशेजारी जाऊन बसली. संध्याकाळ होत आली तेव्हा ती उठली, चेहरा पुसला आणि भावाच्या घराकडे चालायला लागली.

ती वळणापलीकडे गेल्यावर आईने गोधडीचं टोक उचललं.

"धर," ती मला म्हणाली.

आम्ही गोधडी उलटली. अजून ऊन होतं थोडं. काळा पट्टा पुन्हा रस्त्याकडे आला.